पप्पा, भाचा, गोवा आणि बायबलमधले चमत्कार

३ जानेवारी, नगर ते फोंडा

बायबलमधले चमत्कार जसेच्या तसे घडले असं मानायचं का, हा वाद आमच्या घरात नाताळच्या जेवणापासून पेटला होता आणि तो तसाच गाडीत बसून आमच्याबरोबर गोव्याला आला. आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. पप्पा रिटायर्ड शिक्षक, मंडळीत शास्त्राभ्यास घेतात, त्यांच्या दृष्टीने पवित्र शास्त्रात लिहिलंय म्हंजे घडलंय, पुढं बोलायचं काम नाही. भाचा पुण्यात आयटीत आहे, त्याचं म्हणणं बायबलमधला संदेष्टा योना माशाच्या पोटात तीन दिवस होता हे चित्र मी संडे स्कूलमध्ये रंगवलंय, आवडलंही होतं, पण आता कोणी हे खरं मान नाहीतर तू विश्वासी नाहीस म्हणालं तर मी चर्चलाच येत नाही. मधे मी.

हा वाद गंमतीचा नाही. माझी आत्या बरीच वर्षं डायबेटिसची पेशंट. एका रोगमुक्तीच्या सभेला गेली, तिथं स्टेजवरून सांगितलं की गोळ्या-इंजेक्शनं चालू ठेवणं म्हंजे देवावर अविश्वास, मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांतल्या एकात, शेवटच्या अध्यायात लिहिलंय की विश्वास ठेवणारे आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील. तिनं घरी कोणाला न सांगता इन्सुलिन बंद केलं. पायाला खडा लागल्याचं निमित्त झालं, जखम चिघळली, आणि शेवटी डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. त्यामुळे "शब्दशः घ्यायचं का" हा प्रश्न आमच्याकडे कोणी टाइमपास म्हणून विचारत नाही, आणि नाताळच्या जेवणात भाच्याने तो विचारला तेव्हा आत्या समोरच बसली होती.

रस्त्याचं फार सांगत नाही, पुणे-कोल्हापूर-बेळगाव नेहमीचं, चोर्ला घाटात धुकं लागलं आणि पप्पांनी खिडकी खाली करून स्तोत्र म्हटलं. रात्री फोंड्याला मैत्रिणीकडे. ती तिथं कॉलेजात मराठी शिकवते, घरात रोज मराठी पेपर, देवघरात ज्ञानेश्वरी, आणि सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणतात, त्या ऐंशीच्या पुढच्या आणि एकदम खणखणीत. जेवायला हुमण म्हणजे माशाची आमटी, भात, सोलकढी. जेवताना आमचा वाद त्यांच्या कानावर गेलाच. माई म्हणाल्या, "तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली ती तेरा दिवसांनी तरली असं आम्ही मानतो. आमचे हे म्हणायचे, लोकांच्या तोंडी होती म्हणून तरली, नदीच्या पाण्याचा काय संबंध. मी त्यांना म्हणायची, तुम्ही तसं म्हणा, मी असं म्हणते, अभंग तर दोघांनी म्हणायचे आहेत ना." पप्पा एकदम गप्प झाले. मला वाटलं त्यांना पटलं, पण झोपायला जाताना म्हणाले, "गाथेचं ठीक आहे गं, पण प्रभू कबरेतून उठला नसेल तर मी आयुष्यभर काय शिकवलं?"

हे त्यांचं बरोबर आहे. खुद्द प्रेषित पौलानेच करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. म्हणजे सगळंच "त्यातला अर्थ घ्या" म्हणून सोडून देता येत नाही, निदान मला येत नाही.

४ जानेवारी, जुने गोवे

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने जाग आली, गरम उंडे पाव आणि पातळभाजी खाऊन निघालो.

बॉम जेझू बॅसिलिकेचं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचं, बांधकाम १५९४ ला सुरू झालं, १६०५ ला अभिषेक झाला. बाहेरून गिलावा नाही, नुसता लाल जांभा, आत शिरलं की समोर सोन्याचा मुलामा दिलेली वेदी, डोळे दिपतात. उजवीकडे कॅथलिक मिशनरी सेंट फ्रान्सिस झेवियरची कबर. गोव्यात त्याला गोंयचो सायब म्हणतात आणि ते फक्त कॅथलिकच म्हणतात असं नाही, मैत्रिणीच्या शेजारच्या काकूही नवस बोलायला येतात. शव चांदीच्या पेटीत, ती गोव्याच्याच सोनारांनी १६३७ च्या सुमारास घडवलेली, आणि ती इतकी उंचावर ठेवलीय की खालून आतलं जवळपास काहीच दिसत नाही. दर दहा वर्षांनी पेटी खाली आणतात, मागचं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं.

हा माणूस ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. नुसती हाडं उरली की न्यायला सोपं म्हणून शव चुन्यात पुरलं, काही महिन्यांनी उकरलं तर ताजं. मग मलाक्का, आणि १५५४ मध्ये गोवा. पुढं उजवा हात कापून १६१४ मध्ये रोमला नेला, तो अजून तिथं आहे. पप्पांना हे सगळं अजिबात रुचलं नाही. ते बाकावर बसून मोठ्याने म्हणाले, "हा भोळसटपणा आहे, प्रेताची पूजा." आणि भाचा ह्याचीच वाट बघत होता. "आजोबा, माणूस माशाच्या पोटात तीन दिवस राहून जिवंत बाहेर येतो हे तुम्हाला चालतं, आणि इथं एक शव कुजलं नाही हे लगेच भोळसट?" आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले. पप्पांचा चेहरा उतरला. मी दोघांना बाहेर आणलं.

पण प्रश्न रास्त होता, आणि मला तो भाच्यापेक्षा जास्त टोचला, कारण झेवियरबद्दल मी निघायच्या आधी बरंच वाचलं होतं. त्याच्या नावावर चमत्कार भरपूर. समुद्रात पडलेला क्रूस खेकड्याने नांग्यांत धरून परत आणून दिला, झेवियर कुठल्याही देशात गेला की तिथली भाषा आपोआप बोलायचा, असं बरंच. आणि त्याची स्वतःची पत्रं वाचली तर? १५४९ मध्ये कागोशिमाहून तो लिहितो की हे जपानी लोक आमच्याबद्दल काय काय बोलतात आणि आम्ही त्यांच्यात पुतळ्यासारखे उभे, एक अक्षर कळत नाही. तमिळ किनाऱ्यावर असताना लोकांच्या मदतीने प्रार्थना त्या भाषेत उतरवून घेतल्या आणि पाठ केल्या. बाप्तिस्मे देऊन देऊन हात दुखतात, तेच तेच म्हणून आवाज बसतो, हेही त्यानेच लिहिलंय. म्हणजे ज्याच्याबद्दल चमत्कार सांगतात त्याला स्वतःला तो चमत्कार ठाऊक नव्हता. मेल्यावर गोष्टी वाढत गेल्या आणि १६२२ मध्ये त्याला संतपद मिळालं. मधे सत्तर वर्षं.

आता शुभवर्तमानांचं बघा. प्रभूचं वधस्तंभावरचं मरण इ.स. ३० च्या आसपास, मार्क साधारण ७० च्या सुमाराचं, योहान त्याहून वीसेक वर्षं पुढचं. म्हणजे जवळपास तेवढाच काळ. बॅसिलिकाच्या पायऱ्यांवर बसून मी हा हिशोब करत होते आणि मला नीट श्वास घेता येईना. खेकड्याची गोष्ट सत्तर वर्षांत तयार होऊ शकते तर पाण्यावर चालण्याची का नाही?

यावर मला जे उत्तर सापडलंय ते अर्धंच आहे पण मी त्यावर उभी आहे. पुनरुत्थानाची साक्ष सत्तर वर्षांनंतरची नाही. पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र साधारण पंचवीस वर्षांतलं, आणि त्यात तो म्हणतो की उठलेल्या प्रभूला पाचशेहून जास्त बंधूंनी एका वेळी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून आहेत. म्हणजे जा, विचारा. खेकड्याबद्दल असं कोणी म्हणत नाही. म्हणून सगळे चमत्कार एका दोरीत ओवून "सगळे माना नाहीतर एकही मानू नका" असं जे स्टेजवरून सांगतात ते मला मान्य नाही आणि भाच्याचं "सगळ्याच दंतकथा" हेही नाही. एकेक गोष्ट उचलून बघावी लागते, कोण सांगतंय, किती जवळून सांगतंय, आणि कशासाठी.

आणि अजून एक, हे लिहिल्याशिवाय पुढं जाणं बरं वाटत नाही. ह्याच झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, पाठवा म्हणून लिहिलं. ते १५६० ला आलं आणि १८१२ पर्यंत राहिलं. मैत्रीण तिथं माझ्या शेजारीच उभी होती, तिच्या सासरच्या कुलदेवतेचं मूळ देऊळ गोव्यातल्या सासष्टीत होतं आणि त्या काळात मूर्ती रातोरात फोंड्याकडे आणलेली. ती काही बोलली नाही. न कुजलेलं शव त्या हिशोबात काही कमी करत नाही, एवढं मी तिला म्हणाले.

दुपारी उन्हातच वर सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठाकडे गेलो. जांभ्याचा मनोरा उभा आहे, ४६ मीटर, छत १८४२ मध्येच कोसळलं. इथं मला थांबायचं होतं कारण ज्याच्या नावाचा हा मठ त्या ऑगस्टिनने, जुन्या काळच्या मोठ्या ख्रिस्ती धर्मपंडिताने, सोळाशे वर्षांपूर्वी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना ख्रिस्ती लोकांनाच झापलंय. आकाश, तारे, प्राणी यांच्याबद्दल बाहेरच्या लोकांना पक्की माहिती असते आणि आपला माणूस शास्त्राचा हवाला देऊन त्यांच्यासमोर चुकीचं बडबडतो, मग ते पुनरुत्थानाबद्दल तरी आपलं कशाला ऐकतील, असं त्याचं म्हणणं. पप्पांना हे माहीत नव्हतं. त्यांनी मला परत सांगायला लावलं.

त्याच पडक्या जागेत उत्खननात हाडं सापडली होती. जॉर्जियाची राणी केतेवान, १६२४ मध्ये शिराझला धर्म सोडेना म्हणून हाल करून मारली, तिचे अवशेष ऑगस्टिनियन संन्याशांनी इथं आणल्याची नोंद होती. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला, नोंदीशी जुळला, आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले. भाचा हे ऐकून पहिल्यांदाच खूश झाला. पप्पाही झाले. विश्वासाच्या गोष्टीची तपासणी केली म्हणून कोणाचा अपमान झाला नाही, उलट जॉर्जियात ती हाडं डोक्यावर घेतली.

संध्याकाळी परतताना भाच्याला मी कबरेचा अजून एक धागा सांगितला. झेवियरची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो टस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने पाठवलेला, १६९८ मध्ये बसवला. ह्या कोझिमोची पणजी ख्रिस्तीना, तिला गॅलिलिओने १६१५ मध्ये लांबलचक पत्र लिहिलं होतं, विषय हाच, जुन्या करारातल्या यहोशवाने लढाईत गिबोनावर सूर्य थांबवला हे शब्दशः घ्यायचं का. गॅलिलिओचं म्हणणं, शास्त्र खोटं बोलत नाही पण ते सामान्य माणसाला डोळ्यांना जसं दिसतं त्या बोलीत बोलतं, आणि एका कार्डिनलचं म्हणून तो वाक्य देतो की पवित्र आत्मा आपल्याला स्वर्गात कसं जायचं ते शिकवतो, आकाश कसं चालतं ते नाही. पुढच्याच वर्षी चर्चने, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या कोपर्निकसच्या पुस्तकावर बंदी आणली. भाचा म्हणाला, मावशी हे संडे स्कूलमध्ये का नाही सांगत?

५ जानेवारी, राचोल

बोरीचा पूल ओलांडला की राचोल फार लांब नाही. जुवारी नदीच्या काठाला सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, जुन्या किल्ल्याची वेस, आणि आत गेल्यावर जाड भिंतींचा गारवा. इथं मैत्रीण आमची गाईड, कारण १६१६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी तिकडे कोपर्निकस बंद झाला त्याच वर्षी, इथं फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. इंग्रज माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला, आणि आपल्या मराठी ओवीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्या. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं नव्या कराराचं. ती हे पुस्तक वर्गात शिकवते. तिनं अंगणात उभं राहून दोन ओव्या चालीत म्हणून दाखवल्या, अगदी आपली पारायणाची चाल, आणि पप्पा, जे काल बॅसिलिकात चिडले होते, त्यांनी हात जोडले.

मला त्यातली एक गोष्ट सोडवत नाही. पुराणाच्या सुरुवातीला एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची आधीची पुराणं तुम्ही काढून घेतलीत, मग आम्हाला वाचायला दुसरं पुराण तरी द्या. नियम नाही मागितले त्यानं, गोष्टी मागितल्या. माणसाचं पोट नुसत्या "हे करा ते करू नका" वर भरत नाही. स्टीफन्सने मग पाच भाकरी दोन माशांपासून मेलेल्यांना उठवण्यापर्यंत सगळं आपल्या लोकांच्या कानाला ओळखीच्या चालीत बसवलं. त्या ओव्या ऐकताना मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की खरंच झालं का.

तिथल्या एका झाडाखाली बसून योनाचा विषय निघाला. पप्पांचा मुद्दा भक्कम होता, ते म्हणाले, "प्रभूने स्वतः मत्तयच्या बाराव्या अध्यायात योनाचं नाव घेतलंय, तीन दिवस तीन रात्री. मग प्रभू खोट्या गोष्टीचा दाखला देईल?" मी म्हणाले पप्पा, प्रभूने लुटल्या गेलेल्या माणसाला धर्मशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोनीचीही गोष्ट दाखला म्हणून सांगितली, आपण यरीहोच्या वाटेवर ती धर्मशाळा शोधत फिरतो का? योनाचं पुस्तक परत वाचा. योनाच्या शत्रूंच्या निनवे शहरात गुरंढोरंसुद्धा पश्चात्तापाचं गोणपाट नेसतात. एका रात्रीत भोपळीचा वेल वर येतो, एका किड्याने वाळतो. आणि शेवट तर प्रश्नानेच आहे, देव म्हणतो की ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि इतकी गुरं, त्यांची मी दया करू नको का? योनाला शत्रूंवर दया नको होती, ते सगळं पुस्तक त्याबद्दल आहे, आणि आपण मंडळीत पन्नास वर्षं माशाच्या घशाचं माप काढत बसलोय.

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मासा होता असं मी मानणार. पण तू म्हणतेस ते शिकवायचं राहिलं खरं."

आणि मग मी आत्याचा विषय काढला, कारण तो काढायलाच हवा होता. मार्काच्या शेवटच्या अध्यायातल्या ज्या ओळी स्टेजवरून तिच्यावर फेकल्या, त्या नवव्या वचनापासून पुढच्या ओळी सर्वात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीतच, चौथ्या शतकातली सिनाय आणि व्हॅटिकन, दोन्हींत मार्क आठव्या वचनाला संपतो. शिवाय त्याच अठराव्या वचनात साप उचलतील आणि विष प्यायले तरी बाधणार नाही असंही आहे. स्टेजवरच्या माणसाने साप उचलला नाही. त्याने दुसऱ्याचं इन्सुलिन बंद करायला लावलं. शब्दशः घ्यायचं तर आधी स्वतः घ्या की! हे बोलताना माझा आवाज चढला, सेमिनरीतला एक तरुण ब्रदर तिथून जात होता तो थांबला, सगळं ऐकलं आणि फक्त म्हणाला, "ताई, त्यांचं नाव सांगा, मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, प्रार्थना करू." मी आत्याचं नाव सांगितलं.

६ जानेवारी, कासावली

आज तीन राजांचा सण, बाळ येशूला भेटायला आलेल्यांचा. कासावली, आरोशी आणि कुएली ह्या तीन गावांतून एकेक मुलगा राजा बनून घोड्यावर बसतो, तिघं वेगवेगळ्या वाटांनी टेकडीवर चढतात आणि वरच्या रेमेदियो सायबिणीच्या, म्हणजे मरियेच्या, कपेलात (छोट्या चर्चमध्ये) भेटतात. अंगात झुलीसारखा जरीचा अंगरखा, डोक्यावर मुकुट, आणि आमच्या समोरून गेलेल्या राजाला मुकुट मोठा होत होता, आई घोड्याच्या बाजूने चालत सारखी हात वर करून तो सरळ करत होती. खाली खाज्यांची दुकानं, बँड, वर चढल्यावर एका बाजूला समुद्र.

मत्तयने तीन असं कुठंही लिहिलं नाही, राजेही लिहिलं नाही. पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, एवढंच, भेटी तीन म्हणून माणसं तीन झाली आणि पुढं कधीतरी राजे. भाच्याने हे गर्दीतच पप्पांना सांगितलं आणि मी मनात म्हटलं झालं आता सुरू. पण पप्पा म्हणाले, "ठाऊक आहे रे. पण ह्या पोरांना घोड्यावर बघ ना." आणि भाचा बघत राहिला. त्याने फोनही काढला नाही.

टेकडीवर पप्पांनी माझ्याकडून पाच भाकरींचा भाग मोबाइलवर काढून घेतला. पुनरुत्थान सोडलं तर चारही शुभवर्तमानांत असलेला हा एकच चमत्कार. त्यांनी बोट ठेवलं ते बारा टोपल्यांवर नाही, त्याच्या आधी. शिष्य म्हणतात लोकांना घरी पाठव, प्रभू म्हणतो तुम्हीच त्यांना खायला द्या. भाकरी वाढल्या कशा हे मला सांगता येत नाही, पप्पा म्हणाले वाढल्या, भाचा म्हणाला लोकांनी शिदोऱ्या सोडल्या असतील. मला हे शिदोरीचं स्पष्टीकरण कधीच आवडलं नाही, खरं सांगते. गोष्टीत तसं लिहिलेलं नाही, आणि आपल्याला पचावं म्हणून गोष्ट कापून लहान करणं हेही न वाचण्यासारखंच आहे. कळत नसेल तर कळत नाही म्हणावं. पण "तुम्हीच द्या" हे मात्र तिघांनाही शब्दशः कळलं, त्यात दुसरा अर्थ लावायला जागाच नाही.

७ जानेवारी, परत

माईंनी डबा दिला, निघताना पप्पांना म्हणाल्या, "मास्तर, पुढच्या वेळी तुमचं पुराण घेऊन या, आम्ही ऐकू."

बेळगावच्या पुढं भाचा गाडी चालवत होता आणि पप्पा मागे पवित्र शास्त्र उघडून वही लिहीत होते. निपाणीला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी वही दाखवली. पौल तीमथ्याला लिहितो की तुझ्या पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, प्रार्थना कर आणि गप्प बस असं नाही लिहिलं. कलस्सैकरांच्या पत्रात लूक वैद्य म्हणून आहे, पौलाबरोबर फिरणारा. आणि प्रभू दहा कुष्ठरोग्यांना म्हणतो जाऊन याजकांना दाखवा, म्हणजे मोशेच्या नियमाप्रमाणे तपासून घ्या. सगळं शब्दशः, एकही ओळ त्यांनी वळवलेली नव्हती. "आत्याला हे त्या दिवशी कोणी दाखवलं नाही," ते म्हणाले, "मी दाखवायला हवं होतं असं तू म्हणणार नाहीस, पण मी म्हणतो."

पुढच्या शास्त्राभ्यासाला ते हेच तीन उतारे घेणार आहेत. पाळकसाहेबांना फोन साताऱ्याच्या अलीकडेच झाला. सुरुवातीलाच सांगणार की ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी ती चालू ठेवूनच प्रार्थनेला यायचं. भाच्याला म्हणाले तू मार्काच्या हस्तलिखितांचं बोल, दहा मिनिटं देतो, इंग्रजी झाडू नको. तो येतो म्हणालाय. आत्याला आणायला गाडी मी घेऊन जाणार.